कपडे धुण्याच्या यंत्रातून पाणी बाहेर जात नसेल तर

धुलाईची वेळ संपून गेली आहे, यंत्रावरचा दिवा लुकलुकतो आहे, दार उघडत नाही आणि काचेपलीकडे घरभराचे कपडे गढूळ पाण्यात तरंगत आहेत, असा प्रसंग कपडे धुण्याचे यंत्र वापरणाऱ्या बहुतेक कुटुंबांवर केव्हा ना केव्हा येतो. पावसाळ्यात तो आला तर अडचण दुणावते. साबणाच्या पाण्यात रात्रभर राहिलेल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि गडद कपड्यांचा रंग फिक्या कपड्यांना लागतो. अशा वेळी घाईघाईने मेकॅनिकला दूरध्वनी केला जातो. प्रत्यक्षात पाण्याचा निचरा न होण्याची पुष्कळशी कारणे यंत्र न उघडता शोधता येतात. त्यांपैकी काही तर यंत्रात नसून न्हाणीघराच्या मोरीत असतात. काही कारणे मात्र अशी आहेत, की त्यांना घरच्या माणसाने हात लावणे जिवावर बेतू शकते. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आहे, हे आधी समजून घेतलेले बरे.

पाणी उतरते की चढते?

भारतात घरोघरी दिसणारी यंत्रे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. दोन टबांचे अर्धस्वयंचलित यंत्र, वरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र आणि समोरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र. पाणी बाहेर टाकण्याची त्यांची रीत एकसारखी नाही आणि दुरुस्तीच्या वेळी होणारा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो.

अर्धस्वयंचलित यंत्रात पाणी स्वतःच्या वजनाने उतरते. टबाच्या तळाशी एक रबरी झडप असते. ती उघडली, की पाणी नळीवाटे मोरीकडे वाहू लागते. वरून कपडे टाकण्याच्या बहुतेक स्वयंचलित यंत्रांतही हाच नियम लागू असतो. फरक एवढाच, की तेथे झडप हाताने न उघडता एक लहानशी मोटर उघडते. समोरून कपडे टाकण्याच्या यंत्रात मात्र पाणी साठण्याची सर्वांत खालची जागा जमिनीपासून जेमतेम काही बोटे उंच असते. तेथून पाण्याला उताराने जाण्यास वावच नसतो. त्यामुळे एक छोटा विजेचा पंप ते पाणी उचलून नळीत वर ढकलतो.

या भेदामुळे नळी बसवण्याचे नियम परस्परविरुद्ध होतात. उताराने पाणी सोडणाऱ्या यंत्राची नळी जमिनीलगत, टबाच्या तळापेक्षा खालच्या पातळीवर असावी लागते. ती बेसिनच्या काठावर अडकवली, तर पाणी तसूभरही हलणार नाही. पंपाच्या यंत्राची नळी याउलट आधी वर चढलेली असावी लागते. सामान्यतः ही उंची जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर इतकी सांगितली जाते. नेमका आकडा यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. ही नळी जमिनीवर सोडून दिली, तर यंत्रात भरलेले पाणी सायफनच्या तत्त्वाने आपोआप बाहेर ओढले जाते आणि यंत्र भरतच राहते. जुने दोन टबांचे यंत्र काढून त्याच जागी समोरून उघडणारे यंत्र आणणाऱ्या घरांत नवी नळी जुन्याच भोकात खुपसली जाते आणि मग नव्या यंत्राविषयी तक्रारी सुरू होतात. दोष यंत्राचा नसतो, जागेच्या सवयीचा असतो.

बिघाड नसलेले बिघाड

पाणी अडल्याचे दिसताच बिघाड गृहीत धरू नये. काही यंत्रांत कपड्यांना सुरकुत्या पडू नयेत म्हणून शेवटच्या खळखळ्यानंतर पाणी मुद्दाम आतच राखण्याची सोय असते. चुकून ते बटण दाबले गेले असेल, तर यंत्र पुढील आज्ञेची वाट पाहत थांबते. वीज मध्येच गेली आणि परत आली, तरी काही यंत्रे जेथल्या तेथे थांबतात. अशा वेळी केवळ निचरा किंवा पिळणे हा कार्यक्रम निवडून यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे.

याशिवाय पाणी गेलेले असूनही कपडे ओलेचिंब निघतात, हा निराळाच प्रकार आहे. एकच जाड चादर टाकली, तर ती ड्रमच्या एका बाजूला गोळा होते. तोल जात असल्याचे ओळखून यंत्र वेगाने फिरण्याचे टाळते. येथे निचऱ्यात काहीही दोष नसतो. दोन-तीन कपडे वाढवून किंवा चादर मोकळी करून पाहिले, की प्रश्न सुटतो.

आधी वीज, मग पाणी

यंत्राला हात लावण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा. फरशीवर पाणी पसरले असेल आणि ते प्लगपर्यंत किंवा विजेच्या जोडवायरीपर्यंत पोहोचले असेल, तर ओल्या फरशीवर पाऊल न टाकता घराचा मुख्य स्विच बंद करावा. यंत्राच्या पत्र्याला स्पर्श करताच झिणझिण्या येत असतील, तर तो दोष निचऱ्याच्या दोषापेक्षा कितीतरी गंभीर होय. अशा यंत्राचा वापर तत्काळ थांबवून प्रथम घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच पुरवठा तोडणारे संरक्षक स्विच बाजारात मिळतात. न्हाणीघरात यंत्र ठेवणाऱ्यांनी तो बसवून घेणे यंत्रावरील कोणत्याही आच्छादनापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

गरम पाण्याची धुलाई चालू असताना यंत्र अडले असेल, तर आतील पाणी साठ अंश किंवा त्याहूनही अधिक तापलेले असू शकते. ते निवेपर्यंत थांबावे.

घरात लहान मूल असेल, तर आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतील रोहिणी भागात तीन वर्षांच्या जुळ्या भावांचा कपडे धुण्याच्या यंत्रातील पाण्यात बुडून मृत्यू झाला होता. वरून उघडणाऱ्या यंत्रात पाणी अडून राहिले असेल आणि मेकॅनिक उद्या येणार असेल, तर ते पाणी तांब्याने किंवा मगाने उपसून टाकावे. मोठ्या माणसाला गुडघाभर वाटणारे पाणी मुलासाठी थोडे नसते.

बादलीची परीक्षा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित चाचणी बादलीची आहे. नळीचे तोंड मोरीच्या भोकातून बाहेर काढावे. पंपाचे यंत्र असेल, तर ते नेहमीच्या उंचीवर घट्ट धरून बादलीत सोडावे. उताराचे यंत्र असेल, तर एखाद्या उथळ परातीत किंवा थेट न्हाणीच्या फरशीवर. नंतर प्लग जोडून निचरा सुरू करावा. पाणी जोराने आले, तर यंत्र निर्दोष आहे आणि प्रश्न घराच्या सांडपाण्याचा आहे. फरशीवरील जाळीखाली केस, साबणाचा थर आणि कपड्यांचे तंतू यांचा बोळा बसलेला असतो. तेथे मेकॅनिकचे नव्हे, तर प्लंबरचे किंवा घरातीलच कोणाचे काम असते. जाळी मोकळी करताना वापरण्यात येणारी दाहक भुकटी किंवा ॲसिड यंत्राच्या टबात मात्र कधीही ओतू नये. रबरी झडपा, नळ्या आणि ड्रमला आधार देणारे धातूचे भाग त्यामुळे खराब होतात.

पाणी बादलीतही आले नाही, किंवा करंगळीएवढ्या धारेने आले, तर नळी डोळ्यांनी तपासावी. यंत्र भिंतीला सरकवताना नळी चेपली जाणे, ही नित्याची गोष्ट आहे. साफसफाईसाठी यंत्र हलवले आणि दुसऱ्याच दिवशी ते बिघडले, असे कोणी सांगितले, तर नळीची घडी हेच कारण बहुधा निघते. यंत्र गॅलरीत आणि मोरी दूर, म्हणून नळीला दुसरी नळी जोडून ती दारामागून, उंबरठ्यावरून फिरवलेली असते. पंपाची ताकद मर्यादित असते आणि उताराच्या यंत्राला तर उंबरठाही डोंगर असतो. नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असणे किंवा ते भोकात इतके घट्ट बसवणे, की हवा जायला जागाच राहू नये, हेदेखील टाळावे.

तळमजल्यावरील आणि बैठ्या घरांत नळीची तपासणी करताना उंदरांच्या दातांच्या खुणा आवर्जून पाहाव्यात. अनेक यंत्रांचा तळ उघडा असतो. तेथून आत शिरलेला उंदीर नळी कुरतडतो आणि पंपाकडे जाणारी वायरही तोडतो. नळी कुरतडली तर पाणी जमिनीवर दिसते. वायर तुटली तर काहीच दिसत नाही आणि पंप गप्प राहतो. तळाला लावण्याची जाळी कित्येक यंत्रांसोबत मिळते, परंतु ती खोक्यातच राहून जाते.

गाळणीच्या मागे काय सापडते

समोरून उघडणाऱ्या यंत्रांत पाणी अडल्यास सर्वांत आधी संशय घ्यावा तो गाळणीचा, म्हणजेच पंपाच्या फिल्टरचा. यंत्राच्या दर्शनी भागावर, खालच्या कोपऱ्यात एक लहानसे झाकण असते. त्यामागे फिरकीची गाळणी आणि पुष्कळ यंत्रांत त्याशेजारी बोटाएवढी एक बारीक नळी असते. ही नळी आणीबाणीच्या निचऱ्यासाठी दिलेली असते. तिचे अस्तित्व ठाऊक नसल्यामुळे गाळणी एकदम उघडली जाते आणि दहा-पंधरा लिटर पाणी घरभर पसरते.

प्लग काढल्यानंतर यंत्रासमोर जुने टॉवेल अंथरावेत. झाकणाखाली बसेल अशी उथळ परात ठेवून बारीक नळीचे बूच काढावे. परातीत एका वेळी दीड-दोन लिटरच पाणी मावते, म्हणून बूच लावत आणि काढत सात-आठ खेपा कराव्या लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळण्याजोगे नाही. ज्या यंत्रात ही नळी नसते, तेथे गाळणीच थोडीशी सैल करून पाणी झिरपू द्यावे आणि परात भरताच ती पुन्हा आवळावी. धार पूर्ण थांबल्यावर गाळणी डावीकडे फिरवून बाहेर काढावी. ती क्षारांनी घट्ट बसली असेल, तर पकडीने पिळू नये. प्लॅस्टिकचा कान तुटला, की वीस मिनिटांचे काम काही दिवसांचे होते.

बाहेर येणाऱ्या ऐवजात घराचा छोटासा इतिहास असतो. शाळेच्या गणवेशातील नाणी, केसांच्या पिना, सदऱ्याची बटणे, दातकोरणी, विरघळून लगदा झालेली बसची तिकिटे आणि क्वचित बाळाचा मोजादेखील. लहान कपडे ड्रम आणि दाराच्या रबराच्या मधल्या फटीतून खाली उतरतात. अंतर्वस्त्रांतील तार निसटली, तर ती ड्रमच्या भोकातून आत जाऊन पंपापर्यंत पोहोचू शकते.

गाळणी काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत विजेरीचा प्रकाश टाकावा. आत पंपाचे पाते दिसते. लाकडी काडीने ते हलकेच फिरवून पाहावे. ते सहज गरगर फिरत नाही, तर टप्प्याटप्प्याने, झटके देत फिरते. पंपाच्या गाभ्यात चुंबक असल्यामुळे असे होते आणि तो दोष नव्हे. हे ठाऊक नसलेल्या ग्राहकाला पंप जाम झाला असल्याचे सहज पटवता येते. पाते मुळीच हलत नसेल, तर त्याभोवती केस किंवा दोरा गुंडाळला आहे का ते पाहावे. पाते सैल होऊन डुगडुगत असेल किंवा तुटलेले असेल, तर पंप बदलावा लागतो.

गाळणी धुऊन बसवताना तिचे रबरी कडे जागेवर असल्याची आणि आटे सरळ लागल्याची खात्री करावी. त्यानंतर लगेच धुलाई न लावता साबणाच्या कप्प्यातून लिटरभर पाणी ओतून झाकणाजवळ थेंब गळतो का, ते पाहावे.

पंपाचा आवाज कान देऊन ऐकल्यास बरेच काही कळते. घरघर ऐकू येते पण पाणी हलत नाही, तेव्हा पाते अडकलेले असते किंवा नळी तुंबलेली असते. खडखड ऐकू आली, तर नाणे किंवा बटण समजावे. काहीच आवाज नसेल, तर प्रश्न विजेच्या जोडणीचा, जळलेल्या पंपाचा किंवा नियंत्रक पट्टीचा असू शकतो आणि तेथे घरगुती प्रयत्न थांबवावेत. पडद्यावर उमटणारे संकेतही मदत करतात. निचरा अडल्याचे दर्शवण्यासाठी एलजीच्या यंत्रांवर 'ओई', सॅमसंगच्या यंत्रांवर '५ई' किंवा '५सी' आणि बॉशच्या यंत्रांवर 'ई१८' अशी अक्षरे दिसतात. हा संकेत पाणी गेले नाही एवढेच सांगतो. ते का गेले नाही, हे सांगत नाही. संकेत दिसला म्हणून महागडी नियंत्रक पट्टी बदलण्यास तयार होणे हा उतावीळपणा ठरेल.

फेस आणि क्षार

हाताने धुण्यासाठी बनवलेल्या पावडरचा फेस भरपूर होतो. हा गुण बादलीत चालतो. समोरून उघडणाऱ्या यंत्रात तो दोष ठरतो. पंपाचे पाते पाणी ढकलू शकते, फेस ढकलू शकत नाही. फेसात ते नुसतेच फिरते आणि यंत्र पाणी अडल्याचा इशारा देते. अशा वेळी यंत्र बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे, फेस बसू द्यावा, मग निचरा लावावा आणि साबण न घालता एकदा साधे पाणी फिरवून घ्यावे. यंत्रासाठी असलेली कमी फेसाची पावडर, तीही मापानेच घालावी. अधिक साबण म्हणजे अधिक स्वच्छता, ही समजूत कपड्यांच्या आणि पंपाच्या मुळावर येते.

पाणी जड असले, की साबणाशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो गाळणीत, नळीत व झडपेवर थर धरतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, तर अन्य स्रोत नसेल तेव्हा ६०० पर्यंत मुभा आहे. तलावाचे पाणी वापरणाऱ्या मुंबईकराला हा त्रास फारसा जाणवत नाही. विंधनविहिरीच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या मराठवाड्यातील किंवा हैदराबादमधील कुटुंबाला तेच यंत्र वारंवार साफ करावे लागते. एका कुटुंबाचा अनुभव दुसऱ्या गावात लागू पडत नाही, तो यामुळेच.

क्षारांचा आणखी एक उपद्रव सहज लक्षात येत नाही. टबातील पाण्याची पातळी यंत्राला एका बारीक हवेच्या नळीतील दाबावरून कळते. या नळीच्या तोंडाशी गाळ बसला, की टब रिकामा असूनही यंत्राला तो भरलेला वाटतो. पंप चालूच राहतो, दार उघडत नाही आणि संकेत मात्र निचऱ्याचाच येतो. ही नळी साफ करण्यासाठी यंत्राचे झाकण उघडावे लागते, म्हणून ते काम तंत्रज्ञाकडे सोपवणे इष्ट.

दोन टबांची आणि वरून उघडणारी यंत्रे

दोन टबांच्या यंत्रात निचऱ्याचे बटण फिरवले, की आतली एक पट्टी वर ओढली जाते आणि तिला जोडलेली झडप उघडते. बटण फिरवताना नेहमीचा ताण हाताला जाणवला नाही, ते सैलपणे फिरले, तर पट्टी तुटली किंवा निसटली आहे असे समजावे. सुटा भाग अगदी स्वल्प किमतीचा असतो. ताण जाणवतो पण पाणी जात नाही, तेव्हा झडपेच्या तोंडाशी तंतूंचा बोळा किंवा एखादे नाणे अडकलेले असते. टबातील जाळीदार झाकण काढून कचरा वेचता येतो. पिळण्याच्या टबातील पाणीही याच नळीने जात असल्यामुळे तेथे उलटे पाणी दिसू लागले, तर अडथळा नळीतच आहे हे निश्चित होते. टबाशेजारच्या कप्प्यातील कचऱ्याची पिशवी फाटलेली असूनही वर्षानुवर्षे तशीच वापरली जाते. सगळे तंतू मग झडपेकडे जातात.

वरून उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्रांत झडप उघडणारी मोटर बहुधा दुहेरी काम करते. झडप ओढतानाच ती ड्रमला पिळण्याच्या गतीसाठी मोकळे करते. म्हणून या मोटरीत दोष आला, की पाणीही जात नाही आणि पिळणेही होत नाही. ही दोन लक्षणे एकत्र दिसल्यास मेकॅनिकला तसे स्पष्ट सांगावे. त्याचा शोध थोडक्यात आटोपतो. विजेचा दाब फार कमी असेल, तेव्हाही ही मोटर झडप पुरती ओढू शकत नाही. संध्याकाळी अडणारे यंत्र दुपारी सुरळीत चालत असेल, तर संशय विजेच्या दाबाचा घ्यावा. झडपेत कचरा अडकून ती अर्धवट उघडी राहिली, तर याच्या उलट, यंत्रात पाणी टिकतच नाही. कारण एकच, तक्रारी दोन.

मेकॅनिक बोलावताना

दुरुस्तीसाठी दूरध्वनी क्रमांक शोधताना ग्राहकांची फसवणूक होण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. नामांकित कंपनीचे नाव धारण केलेले बनावट ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर टाकले जातात. पलीकडील व्यक्ती नोंदणीच्या नावाखाली किरकोळ रक्कम भरण्यास किंवा एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगते आणि बँक खाते रिकामे होते. क्रमांक माहितीपुस्तिकेतून, हमीपत्रावरून किंवा यंत्रावर चिकटवलेल्या पट्टीवरूनच घ्यावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले असून, त्यावर सहभागी कंपन्यांच्या उत्पादनांची व दुरुस्तीची माहिती एकत्र दिली जाते. कंपनी किंवा दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हमीची मुदत शिल्लक असताना बाहेरच्या माणसाकडून यंत्र उघडून घेऊ नये. गाळणी साफ करणे मात्र वापरकर्त्याचेच काम मानले जाते आणि त्यासाठी आलेल्या तंत्रज्ञाचे शुल्क हमीच्या काळातही आकारले जाऊ शकते. पंप किंवा मोटर बदलली, तर काढलेला भाग मागून घ्यावा आणि बिलावर नव्या भागाचे नाव व हमी लिहून घ्यावी. मेकॅनिक घरात असतानाच टबात पाणी भरून निचरा लावावा, नळी बादलीत धरावी, धार शेवटपर्यंत एकसारखी राहते का ते पाहावे आणि यंत्राखालची फरशी कोरडी आहे ना, हे हात फिरवून तपासल्यावरच पैसे द्यावेत.